कृपया लाइनवर राहा

वरच्या मजल्यावरची ओतिलिया, सतरा वर्षांची,
शाळेचा फॉर्म घेऊन आली आहे.
व्यवसाय: संगीतकार. एवढं आधीच भरलंय,
पेनानं, खोडता येणार नाही असं.
खाली तीन रकाने मोकळे:
सुरुवातीचा पगार, दहा वर्षांनंतरचा पगार, भवितव्य.
"झेनोनकाका, तुम्हालाच माहीत असणार."

वूच शहरात जानेवारी.
रेडिएटर सकाळपासून गार, हात लावला तर हातच गार होतो.
मी अंगात ओव्हरकोट घालून चहा ओततो
आणि ठरवतो, पोरीला खरं सांगायचं.

लिही. अंत्यविधीला ऑर्गन वाजवायचे दीडशे झ्लॉटी,
लग्नाचे अडीचशे.
लग्नातली माणसं उशिरा येतात,
पाकीट द्यायला विसरतात, मग फोन उचलत नाहीत.
मयताचं तसं नसतं.
नोव्हेंबर हा माझा बरा महिना,
पण हे फादरसमोर बोलायचं नाही.

ट्रॅम डेपोच्या गायकवृंदाचा मी संगीत दिग्दर्शक.
चौदा माणसं, त्यांतल्या अकरांना खर्जातच गायचंय.
मानधन तीन महिन्यांनी,
ट्रॅमचा पास मात्र वर्षभर फुकट.
तो रकान्यात बसतो का बघ.

सिनेमा केला एक.
अठ्ठेचाळीस मिनिटांचं संगीत, सहा वादक, दोन रात्री.
पैसे महोत्सवानंतर, दिग्दर्शक म्हणाला.
महोत्सव आला, गेला.
शेवटी त्यानं कॅमेऱ्याची तिपाई आणून दिली, डोळ्यांत पाणी आणून.
ती बघ, खिडकीत. तिच्यावर जिरेनियम ठेवलंय.

आणि रॉयल्टी.
मागच्या वर्षी कुठल्याशा हॉटेलात
कुणीतरी माझा वॉल्ट्झ वाजवला.
सात झ्लॉटी वीस ग्रोश.
कोण असेल, हे मात्र पत्रात नव्हतं.

ओतिलिया काहीच लिहीत नाही.
बोटांवर फुंकर घालते. म्हणते,
"आधी हीटिंगवाल्यांना फोन लावा."

लावतो. स्पीकरवर ठेवतो.
तुम्ही रांगेत एकोणतिसावे आहात. कृपया लाइनवर राहा.
आणि मग ती धून.

मी कप खाली ठेवतो.
बावीस सेकंदांची. संपते कुठे, सुरू होते कुठे,
कळू नये हीच अट होती.
एकरकमी नऊशे, सगळे हक्क कंपनीचे.
त्या वर्षी मुलगी झाली होती. बाबागाडी घेतली,
उरलेल्यात कोळसा.
एकोणीस वर्षं झाली. मला वाटलं,
कधीच बदलली असेल.

म्हणजे या घटकेला अठ्ठावीस घरांत
माणसं कोट घालून बसलीत आणि मला ऐकताहेत.
कुठल्या सभागृहात इतकी आली होती?
आणि ऐकता ऐकता, ओळीनं, शिव्या देताहेत.

ओतिलियाच्या बुटाचं टोक हलतंय.
पाचव्या फेरीला थांबतं.
"सातव्या सुराला कुणीतरी खोटं बोललंय," ती म्हणते.
"तिथून खाली यायचं होतं. उगाच वर नेलंय."

साहेब म्हणाले होते, ग्राहक उदास व्हायला नको.

मी उठतो. पियानोचं झाकण उघडतो.
गारठलेल्या बोटांनी सातवा सूर
जिथं उतरायचा होता तिथं उतरवतो.
एकदा. मग पुन्हा.
मागे फोनमधून कुणी बाई म्हणत असते,
हॅलो, ग्राहक क्रमांक सांगा, हॅलो,
आणि मग तीही गप्प होते.
लाइन चालू असते. थोडा वेळ.
मग तुटते.

पुन्हा लावला. आता एक्केचाळिसावे.

ती गेली वर. फॉर्म इथंच राहिला,
चहाचा गोल डाग थेट भवितव्यावर.
रेडिएटर अजून गारच,
पण नळीतून वरचं ऐकू येतं:
सातवा सूर ती खाली नेते,
वर नेते,
मग बराच वेळ तिथंच दाबून धरते.
फॉर्म उद्या द्यायचाय, हे तिला
मी आत्ता जाऊन सांगायला हवं.